रुग्ण क्रमांक एक : उत्तम

हिमायतनगर, हैदराबाद
१२ ऑगस्ट १९५६

ती. सौ. सरोजअक्का हीस,
अनंताचा साष्टांग नमस्कार.

शांताच्या लग्नाला तू आली नाहीस, याला आता तीन महिने होतील. भावोजी आले, आहेर आला, तू केलेला चिवड्याचा डबा आला, फक्त तू आली नाहीस. शाळेची तपासणी आहे, असं भावोजींनी सांगितलं. मी मान डोलावली. मग पंगत उठल्यावर लक्षात आलं की मे महिन्यात शाळाच नसते, तर तपासणी कसली? कुसुम म्हणाली, विचारू नका, काहीतरी असेल. म्हणून विचारत नाही. पण राग आहे, हे कळवतो. सख्खी बहीण नाही मला, आतेबहीण म्हणून तू एकटीच, आणि मुलीच्या लग्नात मी तीनदा दाराकडे पाहिलं.

आता कामाचं. हैदराबाद राज्य मोडून नोव्हेंबरपासून तू मुंबई राज्यात आणि मी आंध्र प्रदेशात, हे तर ठरलंच. आमच्या दवाखान्यात जिल्ह्यांप्रमाणे कागद वेगळे काढण्याचा हुकूम आला आहे. परभणी, नांदेडकडच्या रुग्णांचे कागद तिकडे जाणार. एकदा गेले की ती माणसं माझ्या हातून गेलीच. म्हणून गेल्या पाच वर्षांतले गुडघ्याजवळ मोडलेले सगळे पाय मी पुन्हा काढून बसलो आहे. त्रेसष्ट आहेत. डिसेंबरात इथे डॉक्टरांची परिषद आहे, तिथे त्यावर निबंध वाचायचा आहे.

तू मास्तरीण आहेस, तुला समजेल असं सांगतो. नडगीच्या हाडाचा माथा सपाट असतो, जेवायच्या पाटासारखा. मांडीचं हाड त्या पाटावर बसतं. पाटाची नुसती कड तडकली तर पहिला वर्ग. एक बाजू खाली दबली तर दुसरा. कड तडकून शिवाय मधलं दबलं तर तिसरा. आणि पाटाचे तुकडे होऊन तो नडगीपासूनच सुटला तर चौथा. आजवर आम्ही सगळ्यांना ‘गुडघ्याजवळ मोड’ एवढं एकच नाव देत होतो आणि बहुतेकांना सारखंच प्लास्टर घालत होतो. माझं म्हणणं असं, की वर्ग ठरवा, मग उपाय ठरवा. तिसऱ्या वर्गाला शस्त्रक्रिया करून हाड उचलून स्क्रूने बसवावं आणि मग तीन महिने प्लास्टर. तुझं केलं तसं.

परभणी बाजूचे दहा रुग्ण आहेत. त्यांना जवाबी कार्डं पाठवली. नऊ जणांची उत्तरं आली, नऊही उत्तम. झरीची गंगू म्हणून एक बाई आहे, तिचं उत्तर नाही. ती तिसऱ्या वर्गातली. दवाखान्यातून पळून गेली होती. माझ्या वहीत ‘फरार, निकाल बहुधा वाईट’ असं लिहिलं आहे. ‘बहुधा’ हा शब्द मला टोचतो. जमलं तर तिला पाहून येशील?

तुला काय विचारायचं? तू वहीत पहिलीच आहेस : रुग्ण क्रमांक एक, वर्ग तिसरा, निकाल उत्तम.

तुझा
अनंत


परभणी
२७ ऑगस्ट १९५६

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

राग पोचला. जपून ठेवला आहे, भेटीत परत करीन.

झरीला जाऊन आले. आमच्या शाळेच्या शिपायाचं, उमाजीचं, गाव तेच. तो सुट्टीत सुतारकामही करतो आणि त्याच्या भावाची बैलगाडी आहे. गंगूचं घर शोधावं लागलं नाही. ती रस्त्याकडेच्या रानात खुरपत होती. उकिडवी बसून, अनंता! मी तिथेच गाडी थांबवली.

म्हटलं, “तूच का गं गंगू? हैदराबादेच्या दवाखान्यातून पळालेली?”

ती उठली. खुरपं मागे लपवलं, जणू मी ते जप्त करायला आले होते. “पोलिसात देता का काय, बाई?”

“नाही गं. डॉक्टरांनी विचारलंय, पाय कसा आहे.”

“अगं बया! डाक्टर मला अजून इचारतो?” मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. “त्येनं सांगितलं व्हतं, तीन म्हैने हलवू नको. कापूस फुटलेला, घरात सासू एकली. तीन आठवड्यांनी भावाला म्हनलं, चल. घरी आल्यावर पानी वतून वतून त्ये प्लास्टर भिजवलं आन् कोयत्यानं कापलं.”

“आणि मग?”

“मग सासूनं पाय भुईला लावू दिला न्हाई दोन म्हैने. पर बाजंवर बसवायची, तेल लावायची, आन् पाय खाली सोडून झोका द्यायला लावायची. शंभर झोके सकाळी, शंभर सांजंला. रडले तर म्हनायची, रड, पर हलव.”

तिचा पाय बघितला. गुडघ्यापाशी जरासा बाहेर वळला आहे, ते दिसतं. तुझ्या एक्स-रेच्या फिल्मवर ते फार वाईट दिसेल. पण ती बसते, उठते, डोक्यावर भारा घेते.

परतताना वाटेत लक्ष्मणराव पाटलांचं गाव लागलं. तुझ्या नऊ उत्तमांपैकी एक. गाडी आहे तर त्यांनाही पाहावं म्हटलं. पाटील ओसरीवर बाजेवर बसलेले, पाय लांब केलेला, समोर तिवईवर ताट. बायको म्हणाली, पाच वर्षं असंच जेवतात. देवळात भजनाला जाणं सोडलं, कारण सगळे खाली बसतात आणि हे एकटे खांबासारखे उभे.

मी म्हटलं, “पाटील, तुम्ही तर डॉक्टरांना कार्डावर ‘पाय उत्तम’ लिहिलंत?”

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जसं काही मीच अडाणी. “बाई, त्या माणसानं माझ्या उशाशी बसून मला मोसंबी सोलून दिली. त्याला मी कार्डावर काय लिवू? वाईट लिवू? शिकल्यासवरलेल्या तुम्ही, असं विचारता?”

अनंता, कार्ड शाळामास्तरांनी लिहिलं होतं. ‘आपले कृपेने पाय उत्तम असे.’ आपण पत्राच्या शेवटी ‘सर्व क्षेम’ लिहितो ना, तसं ते आहे. तू ते वहीत निकाल म्हणून चढवलंस.

तुझ्या कार्डावरचे प्रश्न वाचले. चालता येतं का? काठी लागते का? दुखतं का? पाटील चालतात, काठी लागत नाही, दुखत नाही. बसता येतं का, हे तू विचारलेलंच नाहीस.

हे म्हणतात, वकिलाने उलटतपासणी घेतली असती तर एवढी घेतली नसती. त्यांचा नमस्कार.

तुझी
अक्का


हिमायतनगर
१० सप्टेंबर १९५६

ती. सौ. अक्का हीस सा. न.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा थोडा राग आला. या क्रमाने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे, कारण मागाहून मी लाज आधी आली असं म्हणीन.

एका गंगूवरून सिद्धांत निघत नाही. पाटलांच्या फिल्मा मी काल पुन्हा पाहिल्या. हाड इतकं सरळ बसलं आहे की विद्यार्थ्यांना दाखवावं. मी पाच वर्षं तेच पाहत आलो, फिल्म. पण तू म्हणतेस तेही खरं. बसता येतं का, हे मी का विचारलं नाही? ज्या पुस्तकांतून शिकलो त्यांत नव्हतं म्हणून. ती पुस्तकं खुर्चीवर बसणाऱ्यांनी लिहिलेली. आणि मी स्वतः रोज पाटावर जेवतो!

उरलेल्या आठांनाही पाहशील का? गुडघा किती अंशांत वाकतो ते मोजून हवं. शाळेत कोनमापक असेलच.

एक गोष्ट मात्र तातडीची. गेल्या आठवड्यात हिम्मतराव म्हणून एक जण भरती झाला आहे. चौतीस वर्षांचा, तीन पिढ्यांपूर्वी बीडकडून आलेलं शेतकरी घराणं. तारनाक्याला सहा म्हशी आहेत, विद्यापीठातल्या घरांना दूध घालतो. सायकलवरून दुधाचे कॅन घेऊन येताना लॉरीची कड घासली आणि पडला. फिल्म पाहिली आणि दचकलो. अक्का, तुझीच फिल्म. तिसरा वर्ग, तीच बाजू, दबलेला भागही तेवढाच.

त्याला एकच चिंता. रोज राउंडला गेलो की विचारतो, “डाक्टरसाब, पाय वाकडा झाला तरी चलता. पन खाली बसाया आलं पायजे. म्हस काय खुर्चीवर बसून पिळते का?” बायको, पद्मावती, कोपऱ्यात उभी राहते आणि माझ्या तोंडाकडे बघते, त्याच्याकडे नाही.

मी सांगितलं, “माझ्या बहिणीला हेच झालं होतं. मीच शस्त्रक्रिया केली. आज ती हेडमास्तरीण आहे, उत्तम आहे.” तेव्हापासून तो जरा शांत झाला. म्हणतो, “बहिनीला केलं तेच मला करा, बस.”

पायावरची जखम भरून सूज उतरली की ८ ऑक्टोबरला शस्त्रक्रिया करायची आहे. तू फक्त दोन ओळी तुझ्या हाताने लिही, कशी बसतेस, कशी उठतेस. त्याला वाचून दाखवीन. डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा त्याचा त्यावर विश्वास बसेल.

तुझा
अनंत


परभणी
२२ सप्टेंबर १९५६

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

आठही जणांना पाहून झालं. छोटा कोनमापक गुडघ्याला पुरेना, म्हणून फळ्यावरचा मोठा लाकडी घेऊन गेले. एका गावात लोकांना वाटलं, नवीन राज्यासाठी मोजणी आली. दोघांनी जमिनीच्या पावत्या आणून दाखवल्या.

पाटील धरून नऊ जण झाले. मांडी घालून बसतात ते तिघंच, आणि ते तिघं तुझ्या पहिल्या वर्गातले. दोन बायकांनी मला ‘बसते की’ म्हणून सांगितलं आणि मी ‘बसून दाखव’ म्हटल्यावर रडल्या. स्क्रू घालून मग तीन महिने प्लास्टर झालेले जे चौघं आहेत, त्यांचा गुडघा काटकोनापर्यंतही वाकत नाही. आकडे वेगळ्या कागदावर लिहिले आहेत, नीट बघ.

दोन ओळी मागितल्यास. मी काय लिहू? स्टेशनवर तू मला चालताना पाहिलं आहेसच.

शाळेत फार काम आहे. नवीन राज्याची नवीन पुस्तकं येणार म्हणतात. पत्र आटोपतं घेते. कुसुमला आशीर्वाद.

अक्का


हिमायतनगर
२९ सप्टेंबर १९५६

ती. सौ. अक्का हीस सा. न.

आकडे तीनदा पाहिले. त्यातल्या एका बाईचं नाव वाचल्यावर तिचा चेहरा आठवला. जाताना तिने माझ्या पायावर डोकं ठेवलं होतं. तेव्हा ती वाकली कशी असेल? मी आठवून पाहिलं. ती कमरेतून वाकली होती. एक पाय मागे ताठ होता. मी पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं.

निबंध बाजूला ठेवावा असं वाटलं. पण मग तू आहेस. तुझ्यासारखा एक निकाल जरी उत्तम असेल तरी शस्त्रक्रिया चुकीची नाही, मागाहूनच्या मेहनतीत कुठेतरी कमी पडलं, असा त्याचा अर्थ. चोपन्न साली मी मनमाडहून परतत असताना तू डबा घेऊन परभणी स्टेशनवर आली होतीस. मुद्दाम मी तुझी पावलं पाहिली. पुलापासून माझ्या डब्यापर्यंत पन्नास, एकही लंगडतं नाही. तुझं उदाहरण नसतं तर मी हिम्मतरावच्या बाबतीत हात आखडता घेतला असता.

तू दोन ओळी लिहिल्या नाहीस, तो तुझा विनय. लहानपणी बक्षीस मिळालं तरी तू दप्तरात लपवायचीस. मी त्याला तोंडी सांगितलं आहे. सोमवारी, आठ तारखेला, सकाळी नऊ.

तुझा
अनंत


परभणी
५ ऑक्टोबर १९५६

चि. अनंता,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. हायकोर्टातले कागद इकडे यायचे आहेत म्हणून हे उद्या हैदराबादेला निघत आहेत. काचीगुड्याला उतरल्यावर आधी तुझ्याकडे जा, मग कोर्टात, असं त्यांना सांगितलं आहे. त्यांना काय लिहिलंय ते माहीत आहे. गेली पाच वर्षं माहीत आहे.

माझा गुडघा सत्तर अंश वाकतो. फळ्यावरच्या कोनमापकाने काल रात्री यांनीच मोजला. त्यापुढे नाही. मी जमिनीवर बसू शकत नाही. एकावन्न सालापासून बसलेले नाही.

चालता येतं. दुखत नाही. काठी लागत नाही. तू विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. म्हणून मला वाटत होतं की मी खोटं बोललेच नाही. पाटलाला मी उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं. तो जे कार्डावर करत होता ते मी पाच वर्षं पत्रांतून करत होते.

तुला एकावन्नचा तो जानेवारी आठवतो ना? तेव्हा मी हैदराबादेत जामबागेतल्या शाळेत शिकवत होते; शाळेतून सुटले, कोठीच्या वळणावर रिक्षा उलटली. तू नुकताच मद्रासहून हे नवीन काम शिकून आला होतास. तुमचे मोठे डॉक्टर म्हणत होते, बाईमाणूस आहे, सरळ प्लास्टर घाला. तू त्यांच्याशी भांडलास. मी स्ट्रेचरवरून ऐकत होते, आणि दुखत असूनही मला तुझा अभिमान वाटत होता. मग प्लास्टर काढलंस तो आठवडा मामी गेल्या तो. तुझी आई जाऊन चार दिवस झाले होते. तू कात्रीने प्लास्टर कापत होतास आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. गुडघा वाकेना. तू म्हणालास, येईल हळूहळू. मी म्हटलं, हो, येईल.

आणि मग मी परभणीला आल्यावर तू पत्रातून विचारलंस, गुडघा वाकायला आला का गं? मी लिहिलं, आला. थोडा तर आलाच होता. अजून काय लिहायचं होतं मी?

शांताच्या लग्नात मी कुठे बसले असते? पंगतीत पान मांडलं असतं आणि मी उभी राहिले असते. कुणीतरी खुर्ची आणली असती. तू पाहिलं असतंस. तुझ्या मुलीच्या लग्नात, तुझ्या सगळ्या सहकाऱ्यांसमोर, तुझा रुग्ण क्रमांक एक खुर्चीवर. म्हणून तपासणी काढली. मे महिना आहे हे लक्षात आलं नाही. मी मास्तरीण असून.

माझ्या स्वयंपाकघरात उमाजीने केलेलं एक उंच स्टूल आहे. ओट्यासारखी फळीही आहे. पाहुणे आले की ते स्टूल कोठीत जातं.

स्टेशनवर डबा आणला तेव्हा तू म्हणालास, घरी चल म्हणत नाहीस? मी म्हटलं, गाडी थांबणार नाही. गाडी पंचवीस मिनिटं थांबते.

आता हिम्मतरावचं. मी डॉक्टर नाही. स्क्रू चुकीचे की प्लास्टर चुकीचं, ते मला कळत नाही. पण त्याला माझ्यावरून काही करू नकोस. मी त्याला म्हशीखाली बसवू शकत नाही. गंगूच्या सासूने बसवलं असतं.

मला क्षमा कर असं लिहिणार होते. पण तू माझा आहेस, मग ते लिहायचं कशाला?

अक्का


हिमायतनगर
११ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. अक्का हीस साष्टांग नमस्कार.

भावोजी रविवारी सकाळी आले. पत्र दिलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले, चहासुद्धा आत घेतला नाही.

राग आला. कोणावर आला, ते रोजनिशीत तीनदा लिहून खोडलं. शेवटी तारीख तेवढी ठेवली.

कुसुमला सांगितलं तर ती म्हणाली, “मला माहीत होतं.” मी विचारलं, कधीपासून? “वन्सं प्लास्टर काढल्यावर महिनाभर आपल्याकडे होत्या. त्या उभ्यानेच भाजी चिरायच्या. मला वाटायचं, तुम्हालाही माहीत आहे आणि तुम्हाला बोलवत नाही.” म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला जपत होता. एकटा जो गुडघ्यांचा डॉक्टर, त्याला माहीत नव्हतं. आणि माहीत नव्हतं हेही पूर्ण खरं का? वर्षभर तू इकडे आली नाहीस, दोन वर्षं आली नाहीस, मी कधी गाडीत बसून तुझ्याकडे आलो? मला पन्नास पावलं पुरली. मला पुरवून घ्यायची होती.

सोमवारी नऊ वाजता शस्त्रक्रियागृहाऐवजी वॉर्डात गेलो. हिम्मतरावला सांगितलं, “बहिणीबद्दल मी जे सांगितलं ते खरं नाही. ती चालते, पण तिला खाली बसता येत नाही.”

तो कोपरावर रेलून अर्धा उठला. मग म्हणाला, “तुमी मला खोटं बोल्ले?”

“मला तसं कळवलं होतं.”

“कोन कळवलं?”

“बहिणीनेच.”

अक्का, तो हसला. पाय दोरीला टांगलेला, आणि खाट हलेपर्यंत हसला. “साब, बहीन हाय ना ती! बहीन भावाला खरं कशी सांगंल? माझी बहीन मला अजून राजा म्हन्ते.” मग पद्मावतीकडे बघून, “हिला विचारा. ही खरं सांगते. रोज सांगते.”

पद्मावती पहिल्यांदा बोलली. “मग आता काय करनार, ते बोला.”

मी त्यांना दोन्ही मार्ग सांगितले. स्क्रू आणि प्लास्टर केलं तर हाड सरळ बसेल, गुडघा बहुधा कमी वाकेल. दुसरा मार्ग, प्लास्टर नाही. नडगीतून एक सळई घालून खाली वजन टांगायचं म्हणजे हाड ओढलेलं राहील, आणि पडल्या पडल्या रोज गुडघा हलवायचा. हाड थोडं वाकडं जुळेल. खात्री कशाचीच नाही. एका शेतकरीण बाईच्या सासूने हे केलं होतं, इतकाच पुरावा माझ्याकडे आहे, हेही सांगितलं. आमचे मोठे डॉक्टर मागे उभे होते. त्यांचा चेहरा तू पाहायला हवा होतास.

हिम्मतराव म्हणाला, “सासूचंच करा.”

दवाखान्याच्या सुताराकडून खाटेची पायाकडची अर्धी फळी कापून घेतली, पाय खाली सुटायला. पद्मावती झोके मोजते. काल मी विचारलं, आज किती? म्हणाली, “दोनशे. चाळीसला हे रडले, मी थांबले नाही.”

आता तुझं. सत्तर अंश पाच वर्षांनी वाढत नाहीत, वाढले तरी फार नाहीत. मी खोटी आशा देत नाही, निदान आता तरी. वहीत पहिल्या ओळीवरचं ‘उत्तम’ मी खोडलं. खोडताना वाईट वाटलं, ते तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. त्या एका शब्दावर मी पाच वर्षं उभा होतो.

तुझा
अनंत


हिमायतनगर
२१ जानेवारी १९५७

मुंबई राज्यातल्या ती. सौ. अक्का हीस आंध्र प्रदेशातून साष्टांग नमस्कार.

तिळगूळ मिळाला. दोन राज्यं ओलांडूनही हलवा फुटला नाही.

निबंध डिसेंबरात वाचला. चार वर्ग ठेवले, कारण पाट कसा फुटला ते कळायलाच हवं. पण त्यापुढे दुसरा रकाना केला : मांडी, उकिडवे, जिना. आणि स्पष्ट म्हटलं की फिल्म उत्तम असलेल्या माझ्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना जमिनीवर बसता येत नाही; की टपालाने आलेली उत्तरं मी निकाल म्हणून धरली, ती माझी चूक; की खरी माहिती एका हेडमास्तरणीने फळ्यावरच्या कोनमापकाने गोळा केली. मागच्या रांगेतून कोणी हसलं. मद्रासचे एक म्हातारे डॉक्टर उठले. मला वाटलं, आता सोलणार. त्यांनी एवढंच विचारलं, “तुमचे किती रुग्ण तुमच्यावर माया करतात, हे कोणत्या रकान्यात धरलं आहे?” सगळे हसले. मीही हसलो, पण अजून तो प्रश्न डोक्यात आहे. मला वाटतं, तो सगळ्यात आधीचा रकाना हवा. ज्याची माया जास्त, त्याचं उत्तर जास्त तपासावं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तारनाक्याला गेलो. हिम्मतरावने मला गोठ्यात नेलं. म्हशीच्या अंगाला हात लावला आणि हळूहळू खाली गेला. पूर्ण नाही, अक्का. डावी टाच उचललेली राहते आणि खाली एक वीट ठेवावी लागते. फिल्ममध्ये हाड किंचित तिरकं आहे, तिसऱ्या वर्गाचा आदर्श निकाल म्हणून कुणी छापणार नाही. पण बसला. कासेला हात लावला आणि भांड्यात पहिली धार वाजली. पद्मावती म्हणाली, “बघा साब, खरं हाय का खोटं, नीट बघून घ्या.” मी वाकून बघितलं. विटेची उंची मोजली. तीन इंच.

एक पाय आणि एक वीट, यावरून सिद्धांत निघत नाही, हे मी वहीत लिहिलं आहे. पण लिहिताना बरं वाटत होतं, हेही लिहिलं.

शांताला सातवा लागला. फेब्रुवारीच्या सतरा तारखेला आपल्याकडे डोहाळजेवण करायचं ठरलं आहे. या वेळी मी दाराकडे पाहत बसणार नाही. सगळ्यांसाठी टेबलं मांडायची का, असं कुसुम विचारते आहे. तू सांगशील तसं. किंवा तू म्हणालीस तर मीच तिकडे येतो. गाडी पंचवीस मिनिटं थांबते, आणि मी उतरेन.

तुझा
अनंत


परभणी
२ फेब्रुवारी १९५७

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

टेबलं मांडू नकोस. कुसुमला सांग, पाटच मांड, रांगोळी काढ, नेहमीसारखी पंगत कर. माझं पान मधेच वाढ, कडेला नको.

स्टूल मी घेऊन येते. उमाजीने त्याचे पाय जरा कापून दिले आहेत, म्हणजे इतरांपेक्षा फार उंच दिसणार नाही, आणि समोरची फळी सुटी केली आहे. हे म्हणतात, गाडीत हमालाला काय सांगू? मी म्हटलं, सांगा, वकीलसाहेबांच्या बायकोचं सिंहासन आहे.

मागच्या आठवड्यात पाटलांकडे पुन्हा गेले होते. त्यांना सांगितलं, डॉक्टरांना सगळं कळलं आहे, ते रागावलेले नाहीत. पाटलांनी समोरची तिवई बाजूला सारली. मग म्हणाले, “आता कार्ड आलं तर काय लिवायचं?” मी म्हटलं, आहे तसं. ते म्हणाले, “बरं. पर मोसंबीचं बी लिवतो.”

मलाही विचारशील तर लिहिते. चालता येतं. मांडी घालता येत नाही. जिना कठडा धरून. पाच वर्षांत पहिल्यांदा काल पाहुणे आले असताना स्टूल कोठीत ठेवलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, हे काय? मी सांगितलं आणि त्याच्यावर बसून पोळ्या लाटल्या.

पंगतीत तुझ्याकडच्या बायका विचारतील, यांना काय झालं, यांची शस्त्रक्रिया कोणी केली. मी उत्तर देणार नाही. माझं उत्तर म्हणजे पुन्हा ‘उत्तम’च निघेल तोंडातून, सवय आहे. तू वाढायला ये आणि तू सांग. माझ्या शेजारी उभा राहून सांग. मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, आणि नंतर तुझ्या हातचा भात वाढून घ्यायचा आहे.

सतरा तारखेला सकाळच्या गाडीने. स्टेशनवर ये. पावलं मोजू नकोस, स्टूल उचल.

तुझी
अक्का